शब्दवेध : राग

नरपडच्या किनाऱ्यावर मासळीच्या भावावरून दोघींची जुंपली, की आधी कानाच्या पाळ्या लाल होतात, शब्द मागून येतात. 'राग' या शब्दाचं मूळ त्या लालीतच आहे. संस्कृत 'रञ्ज्' धातू म्हणजे रंगणं, तांबडं होणं. रंग, रक्त, रंजन ही त्याचीच भावंडं. संस्कृतात राग म्हणजे मुख्यतः ओढ, आसक्ती. पतंजलीने योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले, त्यांत राग आणि द्वेष वेगवेगळे आहेत. मराठीने मात्र हा शब्द सरळ संतापाकडे वळवला. जुना अर्थ अनुरागात, वैराग्यात तेवढा उरला. मला वाटतं, दोन्ही अर्थांना जोडणारा दुवा चेहऱ्यावर चढणारा रंगच. भरताच्या नाट्यशास्त्रातही रौद्र रसाचा रंग लाल.

शरीर आधी बदलतं आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना, असं मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ मध्ये मांडलं. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण मराठीत आपण राग करतो त्याहून तो आपल्याला 'येतो' जास्त, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

'रागलोभ' या जोडीतला 'लोभ' उलट वाटेने गेला. संस्कृतात ती हाव; मराठी पत्राच्या शेवटी 'लोभ असावा'.