बॉयलर गेला, दिवाणखाना आला

वाफेच्या जमान्यातल्या श्रीमंती नौकांमध्ये सगळ्यात चांगली जागा मालकाला मिळत नसे. नौकेचा मधला भाग सर्वांत रुंद असतो आणि लाटांवर सर्वांत कमी हलतो. पण तिथे ठाण मांडून बसलेलं असे बॉयलर, त्याच्या शेजारी इंजिन आणि भोवती कोळशाची कोठारं. मालकाचं कुटुंब यंत्रांच्या मागे, पाहुणे आणि खलाशी पुढे, अशी घराची दोन शकलं होत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं तर वरच्या डेकवरून, काजळी चुकवत जावं लागे.

लाकडी मोटरनौकेतल्या घराची कुळकथा इथून सुरू होते. नक्षीकाम आणि पडदे पुष्कळ नंतरचे. आधी यंत्राला जागा सोडावी लागली.

पहिली फट पडली ती कायद्यामुळे. अमेरिकेत वाफेचं इंजिन चालवायला परवानाधारक इंजिनिअर लागे. छोट्या बोटीला तो खर्च परवडत नसे. म्हणून १८८५ च्या सुमारास पाण्याऐवजी नॅफ्थाची वाफ करणाऱ्या लाँच निघाल्या, कारण त्यांना ते बंधन लागू नव्हतं. पुढे पेट्रोल आलं, मग डिझेल. १९१२ मध्ये डेन्मार्कच्या ‘सेलांडिया’ने मोठं जहाजसुद्धा डिझेलवर महासागर ओलांडू शकतं हे दाखवून दिलं. बॉयलर गेला, कोळसा गेला आणि इंजिन डेकखालच्या बुटक्या खोलीत मावू लागलं. त्याच्या डोक्यावर, नौकेच्या ऐन मध्यात, खिडक्यांचा दिवाणखाना उभा राहिला.

या घराला त्याचं ठसठशीत रूप देणाऱ्यांमध्ये मी जॉन ट्रम्पी यांचं नाव सर्वांत आधी घेईन. नॉर्वेतल्या बर्गनचा हा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आला आणि न्यू जर्सीतल्या कॅमडेनला मॅथिस कंपनीच्या गोदीत नौकांची रेखाटनं करू लागला. तिथल्या गिऱ्हाइकांना हिवाळा फ्लोरिडात काढायचा असे आणि फ्लोरिडाच्या आतल्या जलमार्गांत पाणी उथळ. खोल बुडणारी नौका तिथे गाळात रुतणार. म्हणून ट्रम्पी यांच्या नौका रुंद आणि कमी बुडणाऱ्या. खाली पुरेशी जागा मिळेना, तेव्हा राहणीचा बराच भाग वर चढला. बैठकीची आणि जेवणाची जागा डेकवर, चारी बाजूंनी खिडक्या. निजायच्या खोल्या खाली. आणि मागच्या बाजूला छताखाली वेताच्या खुर्च्या मांडलेली मोकळी जागा, वाड्याच्या ओसरीसारखी.

१९२५ ची ‘सिकोया’ याच घराण्यातली. लांबी १०४ फूट, पण पाण्याखाली जेमतेम साडेचार फूट. ओकच्या बरगड्यांवर पिवळ्या पाइनच्या फळ्या, वरच्या खोल्यांना महोगनी आणि साग. फिलाडेल्फियाच्या कॅडवालडर दांपत्याने ती बांधून घेतली. पत्नी एमिली या ब्रुकलिन पुलाचा आराखडा करणाऱ्या जॉन रोबलिंग यांची नात.

आत शिरल्यावर आधी लक्ष जातं ते लाकडाच्या चकाकीकडे. पण इथली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पाणी, हेलकावे किंवा कोंदट हवा यांना दिलेलं उत्तर आहे. टेबलाच्या कडेला उंच पट्टी, म्हणजे ताटं घसरत नाहीत. खण किंचित वर उचलल्याशिवाय उघडत नाही, म्हणजे लाटेबरोबर तो बाहेर येत नाही. दारांना झडपा, कारण लाकूड कुजतं ते खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेल्या गोड्या पाण्याने आणि अडकलेल्या हवेने. जमिनीच्या फळ्या उचलता येतात, कारण तळाशी किती पाणी जमलंय ते रोज पाहावं लागतं. खालच्या खोल्यांच्या भिंती बहुधा पांढऱ्या आणि फक्त कडा महोगनीच्या, कारण लहान खिडक्यांतून येणारा उजेड गडद लाकूड गिळून टाकतं. डेकला साग, कारण त्याच्या अंगचं तेल पाऊस आणि ऊन दोन्ही सोसतं. हा गुण आपल्या किनाऱ्याला फार आधीपासून ठाऊक होता. वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

‘सिकोया’ १९३१ मध्ये अमेरिकी सरकारकडे आली आणि राष्ट्राध्यक्षांची नौका झाली. तेव्हापासून तिथे राहणाऱ्यांच्या शरीरांनी ते घर बदलत नेलं. पोलिओने पाय गेलेल्या रूझवेल्ट यांच्यासाठी तिच्यात लिफ्ट बसली. जॉन्सन यांनी ती काढून त्या जागी मद्याचा बार केला. शिवाय ते इतके उंच, की न्हाणीघराची जमीन खाली घ्यावी लागली. केनेडी यांचा शेवटचा वाढदिवस, २९ मे १९६३ चा, याच नौकेवर झाला. कार्टर यांना हा डामडौल नको होता. १९७७ मध्ये ती लिलावात २ लाख ८६ हजार डॉलरला गेली.

१९८७ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, पण दर्जा मिळाल्याने लाकूड टिकत नाही. मालकीचा वाद कोर्टात गेला. एका बाजूला गोव्यातल्या उद्योगसमूहाचं पाठबळ असलेली कंपनी होती. २०१६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. त्या वेळी नौका गोदीत कोरडी पडून होती आणि आत रकूनांनी बिऱ्हाड केलं होतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. लाकडी नौका पाण्याबाहेर ठेवली की फळ्या सुकतात, सांधे उघडतात. तिला पाणी हवं, वारा हवा, आत माणसांचा वावर हवा. २०१९ मध्ये तिला बार्जवर चढवून दुरुस्तीसाठी मेन राज्यातल्या बेलफास्टला नेण्यात आलं.

रूझवेल्ट यांनी मात्र ‘सिकोया’ लवकरच सोडली होती. ज्याला चालता येत नाही, त्याच्यासाठी लाकडी नौकेतली आग हा जीवघेणा धोका. त्यांना १६५ फुटी पोलादी ‘पोटोमॅक’ देण्यात आली. तिच्या मागच्या चिमणीतून धूर निघत नाही. ती पोकळ आहे, कारण तिच्यात रूझवेल्ट यांची हाताने दोर ओढून चालवायची लिफ्ट आहे. ‘पोटोमॅक’ आज कॅलिफोर्नियात ऑकलंडच्या जॅक लंडन चौकाजवळच्या धक्क्यावर आहे आणि लोकांना पाहता येते. बे एरियात बरीच मराठी कुटुंबं राहतात; त्यांनी मुलांना घेऊन एकदा तिथे जावं, आणि त्या दुसऱ्या चिमणीत डोकावल्याशिवाय परतू नये.