हृदयावर द्रवाचा दाब : ओळख आणि उपचार

हृदयाभोवतीच्या दुपदरी आवरणात निरोगी अवस्थेतही साधारण १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. या पोकळीत द्रव किंवा रक्त साठून हृदय बाहेरून दाबले जाऊ लागले, की त्याच्या कप्प्यांत रक्त पुरेसे भरत नाही आणि शरीराचा रक्तपुरवठा घटतो. या अवस्थेला ‘कार्डिॲक टॅम्पोनेड’ म्हणतात.

द्रव किती साठला यापेक्षा तो किती वेगाने साठला, हे निर्णायक ठरते. आवरण चिवट असते. ते एकाएकी ताणले जात नाही. छातीवरील भोसकल्याची जखम किंवा महाधमनीचा छेद यांमुळे अचानक साठलेले १५०–२०० मिलिलिटर रक्तही प्राणघातक ठरू शकते. याउलट क्षयरोग, कर्करोग किंवा मूत्रपिंडाच्या विकारात सावकाश साठलेला लिटरभर द्रव रुग्ण काही काळ सहन करतो. भारतात क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो.

अमेरिकी शल्यविशारद क्लॉड बेक यांनी १९३५ मध्ये तीन खुणा एकत्र मांडल्या : घसरलेला रक्तदाब, मानेच्या फुगलेल्या शिरा आणि क्षीण ऐकू येणारे हृदयाचे ठोके. प्रत्यक्षात तिन्ही एकाच रुग्णात नेहमी आढळत नाहीत, म्हणून त्यांची वाट पाहणे धोक्याचे. धाप, जलद नाडी आणि श्वास आत घेताना वरचा रक्तदाब १० मिलिमीटरहून अधिक उतरणे, यांवरूनही संशय घ्यावा लागतो. इको तपासणीत द्रव आणि दबलेले कप्पे दिसतात. छातीचा एक्स-रे मात्र सुरुवातीला निर्दोष भासू शकतो.

सर्वांत घातक गफलत औषधांची. धाप व फुगलेल्या शिरा पाहून हृदय निकामी झाल्याचा समज होतो आणि लघवीवाटे पाणी काढणारी औषधे दिली जातात. त्यामुळे आधीच अपुरे भरणारे हृदय आणखी रिते राहते. रक्तदाब खालावला असल्यास शिरेतून सलाईन देऊन थोडा अवधी मिळवता येतो, इतकेच.

खरा उपचार द्रव काढण्याचा. इकोच्या साहाय्याने छातीत सुई घालून, बारीक नळी बसवून तो काढतात. थोडा द्रव निघताच रक्तदाब सुधारू लागतो. जखम किंवा महाधमनीचा छेद असल्यास तातडीची शस्त्रक्रिया लागते. काढलेला द्रव तपासणीस पाठवला जातो. क्षयरोग आढळल्यास सामान्यतः सहा महिने औषधे घ्यावी लागतात. त्यानंतरही आवरण घट्ट होऊन हृदय आवळले जात नाही ना, यावर लक्ष ठेवावे लागते.