पॉलिसायथीमिया व्हेरा : चिकित्सेचा इतिहास

पॉलिसायथीमिया व्हेरा : अस्थिमज्जेत तांबड्या कोशिका अनिर्बंधपणे निर्माण होऊन रक्त दाट करणारा दीर्घकालीन विकार. पुष्कळदा पांढऱ्या कोशिका व बिंबाणूही वाढतात आणि प्लीहा मोठी होते. रोग्याला मुख्य धोका असतो तो रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा. पक्षाघात व हृदयविकाराचा झटका हे त्याचे गंभीर परिणाम होत.

फ्रेंच वैद्य व्हाकेझ यांनी १८९२ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन केले व १९०३ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी त्याला स्वतंत्र रोगाचे स्थान दिले. इतर बहुतेक रोगांत नीलेतून रक्त काढण्याची जुनी प्रथा मागे पडली. या रोगात मात्र तिला खरा आधार होता. तथापि रक्त काढल्याने मज्जेतील मूळ बिघाड जात नाही. म्हणून १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे जॉन लॉरेन्स यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस वापरण्यास प्रारंभ केला. पुढे क्लोरँब्युसिलसारखी कोशिकानाशक औषधेही आली.

यांपैकी उत्तम उपाय कोणता, हे ठरविण्यासाठी १९६७ मध्ये लुई वॉसरमन यांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यासगट स्थापन झाला. त्याने चारशेहून अधिक रोग्यांवर या तिन्ही पद्धतींची तुलना केली. निष्कर्ष अडचणीत टाकणारे होते. केवळ रक्त काढलेल्या रोग्यांत पहिल्या काही वर्षांत गुठळ्या अधिक झाल्या, तर क्लोरँब्युसिल घेणाऱ्यांत तीव्र ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) प्रमाण इतके वाढले की, ते औषध वर्ज्य करावे लागले. किरणोत्सर्गी फॉस्फरसही या दोषापासून मुक्त नव्हता. म्हणजे गुठळी टाळण्याची किंमत काही रोग्यांना कर्करोगाने चुकवावी लागली. त्यानंतर हायड्रॉक्सियूरिया अधिक प्रचारात आले.

ॲस्पिरिनची कथा याहून बोधप्रद आहे. याच गटाने दररोज ९०० मिग्रॅ. ॲस्पिरिन दुसऱ्या एका औषधाबरोबर देऊन पाहिले. रक्तस्राव वाढल्याने प्रयोग थांबवावा लागला आणि ॲस्पिरिनविषयी दीर्घकाळ साशंकता राहिली. वस्तुतः दोष औषधापेक्षा मात्रेचा होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५१८ रोग्यांवरील यूरोपीय परीक्षणात १०० मिग्रॅ. मात्रेने गुठळीजन्य आपत्ती स्पष्टपणे घटल्या व गंभीर रक्तस्राव लक्षणीय वाढला नाही.

रक्त किती काढावे, याचा निर्णय आणखी उशिरा लागला. रक्तातील तांबड्या कोशिकांचे घनफळ शेकडा ४५ च्या खाली ठेवावे, असे अनेक तज्ञ सांगत. पण त्यास भक्कम पुरावा नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील परीक्षणात ही मर्यादा पाळलेल्या १८२ रोग्यांपैकी ५ जणांना, तर ४५ ते ५० प्रमाण ठेवलेल्या १८३ पैकी १८ जणांना मोठी गुठळी झाली किंवा हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू आला.

बहुतेक रोग्यांत आढळणारे जेएके-२ या जनुकातील उत्परिवर्तन २००५ मध्ये उघडकीस आले. त्यातून रुक्सोलिटिनिब हे औषध निघाले. इंटरफेरॉनचाही वापर वाढला. साठीपुढील किंवा पूर्वी गुठळी झालेल्या रोग्यांना अशी औषधे वा हायड्रॉक्सियूरिया देतात. नियमित रक्त काढणे व अल्प मात्रेत ॲस्पिरिन हा चिकित्सेचा पाया मात्र कायम आहे. वारंवार रक्त काढल्याने शरीरातील लोह घटते. परंतु ही कमतरताच तांबड्या कोशिकांच्या निर्मितीला आळा घालीत असल्याने लोहयुक्त औषधे सामान्यतः देत नाहीत.