चोवीस चित्रांचा एक सेकंद

जुना मूकपट लागला की प्रेक्षागृहात हशा पिकतो. पडद्यावरची माणसे तुरुतुरु धावतात, मिरवणुकीतले गंभीर पुढारीही बाहुल्यांसारखे दिसतात. विनोदी चित्रपटांत ही गती कधी मुद्दाम वाढवीत. पण एरवी आपले पूर्वज असे चालत नव्हते. मग हा दोष कोणाचा?

चलच्चित्र म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका. ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली पॅरिसमध्ये आणि ७ जुलै १८९६ रोजी त्यांच्या प्रतिनिधीने मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जे खेळ दाखविले, त्यांत सेकंदाला सुमारे १६ चित्रे असत. कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावी लागे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादासाहेब फाळक्यांचा कॅमेराही हातानेच चाले. हात म्हटला की गती कमीअधिक व्हायचीच. डोळा ती निमूटपणे सोसून घेई.

कान मात्र सोसेना. फितीच्या कडेवर ध्वनी उमटू लागला, तेव्हा गती जरा ढळली तरी गायकाचा सूर ढळे. म्हणून अमेरिकेत १९२६-२७ च्या सुमारास सेकंदाला २४ चित्रे हे माप ठरले. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट फीत. गती याहून पुष्कळ वाढविली तर फितीचा खर्च वाढे, घटविली तर ध्वनी बिघडे. चोवीस हा आकडा अशा तडजोडीतून आला. १९३१ चा ‘आलम आरा’ आणि १९३२ चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपटांच्या याच युगातले.

दूरदर्शनाने निराळे माप घेतले, ते विजेपासून. जेथे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तेथे २५ चित्रे. अमेरिकेत ती ६० आवर्तनांची, म्हणून ३०. पुढे १९५३ साली रंगांसाठी ही संख्या किंचित घटवून २९.९७ केली गेली. भारताने २५ चे माप स्वीकारले. २४ चित्रांचा शंभर मिनिटांचा बोलपट २५ च्या गतीने दाखविला, तर तो ९६ मिनिटांत संपतो.

आता त्या हशाचे कारण उघड होते. १६ च्या गतीने टिपलेली फीत २४ च्या गतीने चालविली, की साठ सेकंदांची कृती चाळीस सेकंदांत उरकते. माणसे धावत नाहीत. यंत्र त्यांना धावडवते.

आज संगणकाच्या साहाय्याने ही गती दुरुस्त करता येते. मात्र सर्व मूकपटांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. माणसाची चाल आणि पडणारे पाणी पाहून तो ठरवावा लागतो. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे. हे चित्र दाखविणाऱ्याने आधी गती जुळवावी, संगीत मागाहून जोडावे. त्या मुलीचे खेळणे तिच्याच गतीने पाहायला मिळावे, एवढे देणे आपण लागतो.