स्वाक्षरीचे मोल

कृष्णेस गढूळ पाणी येऊन वाईच्या घाटाच्या पायऱ्या एकेक बुडू लागल्या म्हणजे क्रिकेटचा हंगाम संपला, असे येथील मुले समजतात. चेंडूफळी माळ्यावर जाते आणि स्वाक्षऱ्यांची वही खाली येते. इंग्लंडात हा रिकामा काळ हिवाळ्यात असतो. आपल्याकडे तो मृगापासून हस्तापर्यंतचा. ह्या छंदास हाच काळ अनुकूल. ऐन सामन्यात फाटकापाशी मिळते ती घाईची रेघोटी. घरी स्वस्थ बसलेल्या खेळाडूस परतीच्या तिकिटासह पत्र पाठविले, तर सावकाश लिहिलेले नाव हाती येण्याचा संभव अधिक.

छंद मात्र आपल्याकडे नवा आहे. वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे. तेथील दप्तर पुढे साताऱ्यास इतिहाससंग्राहक पारसनीस यांच्याकडे गेले. त्या काळच्या राजपत्राचे प्रामाण्य शिक्कामोर्तबावर अवलंबून असे. कागद कामाचा, म्हणून त्यावर खूण. कोऱ्या पानावर केवळ नावासाठी नाव लिहून घ्यावे, ही कल्पना इंग्रजी विद्येबरोबर आली. आणि ती खेळाकडे वळावयास खेळाडूंना कीर्ती मिळावी लागली.

ती कीर्ती मुंबईच्या सामन्यांनी दिली. १९२६ च्या डिसेंबरात, इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध सी. के. नायडू यांनी अकरा षट्कारांसह १५३ धावा काढल्या. त्याच दौऱ्यात पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी १४८ केल्या. १९३२ मध्ये हिंदुस्थानचा संघ लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला. पुढे सांगलीस जन्मलेल्या विजय हजारे यांनी जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला दोन्ही डावांत शतके केली, ११६ आणि १४५. आपल्याच मुलखातला मनुष्य जगात गाजला, तर त्याच्या हाताची खूण आपल्या घरी असावी, असे कोणास वाटणार नाही?

संग्राहकाने सावध मात्र राहावे. पुष्कळ स्वाक्षऱ्या छापील किंवा रबरी शिक्क्याच्या असतात. खऱ्या लेखणीचा दाब कमीजास्त होतो आणि वळणावर शाई दाटते. शिक्क्याचा ठसा बहुधा सर्वत्र सारखा. शिवाय प्रत्येक नावाखाली दिवस, स्थळ व प्रसंग लिहून ठेवावा. प्रसंगावाचून नाव म्हणजे तिथीवाचून पत्र. इतिहासास त्याचा उपयोग थोडा.

परंतु ह्या वह्यांत एक मोठी उणीव राहते. कुस्तीच्या फडात वही कोणी पुढे करीत नसे. तेथला मान फेट्याचा, नारळाचा आणि इनामाचा. ह्याच सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीच्या स्पर्धेस जावयास पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने १०० हून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांस घरी नेले.

कोणत्याही वहीतील नावाहून गहाणखतावरचे ते नाव प्रस्तुत लेखकास मोलाचे वाटते. वहीतली स्वाक्षरी 'मी येथे होतो' एवढेच सांगते. गहाणखतावरची 'ह्याच्यासाठी मी जामीन आहे' असे सांगते. मेणवलीच्या दप्तरातील कागदांशी तिचे नाते अधिक जवळचे, कारण तिच्यामागे काही पणास लागले होते.

मुलांनी पावसाळ्यात वही अवश्य भरावी. मात्र शेवटचे एक पान कोरे ठेवावे, आणि ज्यांच्याकडे स्वाक्षरी मागावयास कोणी गेले नाही अशांची नावे, त्यांनी काय केले ह्या हकिगतीसह, स्वतःच्या हाताने त्यावर लिहावीत.