वाढत्या हृदयाच्या झडपा : प्रस्तावना

मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली असे कळले, की घरीदारी पहिला प्रश्न येतो, ‘भोक होते का?’ भोकाची ओळख समाजाला आहे. झडपेची तेवढी नाही. अर्भकाच्या हृदयातली प्रत्येक झडप दिवसाला दीड लाखाहून अधिक वेळा उघडते नि मिटते. तिची दुरुस्ती करायची म्हणजे हृदय थांबवायचे, काही मिलिमीटरच्या पातळ पडद्यांत टाके घालायचे आणि ते पडदे लगेच पुन्हा कामाला लावायचे. एवढ्या नाजूक विद्येची वाट वैद्यकाबाहेरच्या वाचकालाही खुली असावी, म्हणून हे चार शब्द.

सरळ नवी झडपच का बसवत नाहीत, ही शंका तुम्हाला येईल आणि ती रास्त आहे. नवजात बाळाच्या मायट्रल झडपेचे, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचे, तोंड जेमतेम एक सेंटिमीटरचे असते. 15 मिलिमीटरच्या यांत्रिक झडपेला अमेरिकेत मान्यता मिळाली तीच मुळी 2018 मध्ये. शिवाय यांत्रिक झडप मुलाबरोबर वाढत नाही आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर मागे लावते. धावणाऱ्या-पडणाऱ्या मुलाला ती जोखमीचीच. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपांत बालवयात कॅल्शियम लवकर साचते. म्हणून थोडीशी गळती राहिली तरी चालेल, पण झडप मुलाची स्वतःचीच राहू द्यावी, याकडे शल्यविशारदांचा कल असतो. वाढत्या अंगाचे कपडे बेततात, तसे हे काम पुढच्या वर्षांचा अंदाज घेऊन करावे लागते.

वाचकांनी सुरुवात रोगांच्या यादीने करू नये. आधी रचना पाहावी. मायट्रल झडप म्हणजे दोन पडदे, त्यांना ताणून धरणारे तंतू, तंतू जिथे रुजतात ते स्नायू आणि भोवतीचे कडे. यांपैकी काहीही बिघडले तरी झडप गळू शकते. फ्रेंच शल्यविशारद अलँ कार्पांतिए यांनी हा गुंता एका प्रश्नावर आणला : पडद्याची हालचाल नेहमीसारखी आहे, जास्त आहे, की कमी? त्यांचा 1983चा लेख या शाखेत आजही पायाभूत मानला जातो. कोणतेही प्रकरण वाचताना तुम्हीही हा प्रश्न आधी विचारावा. पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

एक उदाहरण जवळून पाहू. काही बाळांत, विशेषतः डाउन सिंड्रोम असलेल्यांत, हृदयाच्या मधोमध मोठे भोक असते आणि दोन्ही बाजूंना मिळून एकच झडप. अशा दोषाची दुरुस्ती शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी मिनेसोटात 1954 मध्ये केली, तीही रुग्णाचे रक्ताभिसरण दुसऱ्या माणसाच्या, बहुधा पालकाच्याच, शरीराशी जोडण्याच्या पद्धतीने. आज हार्ट-लंग मशीन आहे, पण कसोटी तशीच अवघड आहे. भोक बुजवल्यावर त्या एकाच झडपेच्या डाव्या भागातली फट टाके घालून मिटवतात. मग पिचकारीने खालच्या कप्प्यात सलाइन भरतात. पडदे फुगून एकमेकांना भिडतात आणि पाणी कुठून झिरपते ते दिसते. टाका कमी पडला तर गळती, जास्त पडला तर तोंड अरुंद. मोठ्यांच्या झडपेला आधार म्हणून बसवतात तसे पूर्ण, ताठ कडे इथे टाळतात, कारण त्याने वाढच अडते. शेवटी हृदय सुरू झाल्यावर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, निकाल देतो. तो समाधानकारक नसेल तर हृदय पुन्हा थांबवून टाके तपासावे लागतात.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे. घशाच्या साध्या वाटणाऱ्या जंतुसंसर्गावर वेळेत उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो, सांधे धरतात आणि पुढे मायट्रल झडप जाड, आखूड होते. ती दुरुस्त केली तरी आजार उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये पालघरला झाली. त्यात अंगणवाडी आणि शाळांतल्या तपासणीत जन्मजात हृदयदोषांबरोबर हा आजारही शोधला जातो. तेव्हा वाचकांनी ही विद्या केवळ ऑपरेशन थिएटरची समजू नये. शाळेत छातीला स्टेथोस्कोप लावणारे डॉक्टर आणि इंजेक्शनची तारीख न चुकवणारी आई, दोघेही तिच्यात सहभागी आहेत. तुम्ही विद्यार्थी असा, परिचारिका असा वा पालक, तुमच्या प्रश्नांना इथे जागा आहे. एवढेच ध्यानात ठेवा, की दुरुस्तीचे यश डिस्चार्जच्या दिवशी मोजायचे नसते. मूल वयात येईपर्यंतच्या प्रत्येक इकोत ते पुन्हा तपासायचे असते.