कारभारीण आणि कुलगुरू : बडोद्याच्या इतिहासातील स्त्रीचे अधिकारपद

बडोद्याच्या रावपुऱ्यात जो घड्याळाचा मनोरा उभा आहे, तो १८९६ साली बांधण्यात आला. सयाजीराव महाराजांच्या प्रथम पत्नी, तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई, म्हणजेच पहिल्या चिमणाबाई, १८८५ साली विशीच्या उंबरठ्यावरच निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारली गेली. पुढे कोठीच्या कचेरीत जाणारा कारकून काय किंवा रावपुऱ्यातील पेढीवर बसणारा व्यापारी काय, दोघेही वेळ पाहण्यासाठी एका स्त्रीच्या नावाच्या घड्याळाकडे मान वर करीत असत. परंतु स्त्रीच्या नावाने चालणाऱ्या घड्याळाप्रमाणे वागणे निराळे आणि स्त्रीच्या हुकमाप्रमाणे काम करणे निराळे. पहिल्या गोष्टीला कोणाची हरकत नव्हती. दुसरी गोष्ट या नगरीत कशी व कोणत्या मर्यादेत घडत गेली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

आरंभ भाषेपासून करणे इष्ट होईल, कारण समाजाने ज्याला तोंडाने नाव दिले नाही ते त्याने मनाने स्वीकारले आहे असे म्हणणे कठीण असते. आपल्या मराठीत पाटलाची बायको ती पाटलीण, कारभाऱ्याची ती कारभारीण आणि फौजदाराची ती फौजदारीण. माळीण, कोळीण, परटीण ही रूपे वरकरणी त्याच जातीची दिसतात, पण त्यांत एक भेद आहे. माळीण स्वतः फुले विकते, कोळीण स्वतः मासळीची पाटी डोक्यावर घेते आणि सुईण तर कोणाचीही बायको म्हणून सुईण नसते. म्हणजे जेथे अंगमेहनतीचे काम आहे, तेथे स्त्रीवाचक प्रत्यय काम करणारीला लागला; जेथे अधिकार आहे, तेथे तो अधिकाऱ्याच्या अर्धांगीला लागला. ज्यात शिक्षण आणि थोडासा अधिकार दोन्ही आहेत असा, स्वतःच्या नेमणुकीने मिळालेला पहिला शब्द बहुधा ‘मास्तरीण’ हाच असावा. तोही प्रथम काहीशा थट्टेनेच उच्चारला जाई.

पण इतिहास भाषेच्या पुढे गेलेला असतो, हेही खरे. गायकवाडांच्या राज्याचा उगमच एका स्त्रीच्या हाताखालच्या चाकरीत आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. सेनापती दाभाडे हे पिलाजी गायकवाडांचे धनी. १७३१ साली डभईजवळच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे बाजीरावांविरुद्ध लढताना मारले गेले. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांस मिळाले; पण ते अल्पवयीन, म्हणून कारभार मातोश्री उमाबाईंकडे आला. पुढच्याच वर्षी डाकोर येथे मारेकऱ्यांकरवी पिलाजींचा घात झाला, तेव्हा या विधवा बाईने स्वस्थ न बसता गुजरातेत फौज उतरविली आणि १७३३ च्या आरंभी तिचा तळ अहमदाबादेसमोर पडला. पिलाजींचे पुत्र दमाजी त्या स्वारीत होते. एका बाईच्या हुकमतीखाली लढण्यात आपल्याला कमीपणा आहे असे त्या पथकांतील कोणा सरदारास वाटले असेलही. तथापि फौज चालली, वेढा पडला आणि जोधपूरच्या अभयसिंगास तडजोड करावी लागली.

मात्र उमाबाईंना सेनापती म्हणून गौरविताना, जसे अलीकडे वारंवार केले जाते, एक सावधगिरी बाळगावी लागते. पदाची वस्त्रे मुलाची होती. नाव मुलाचे, शिक्का मुलाचा आणि काम आईचे, असा हा व्यवहार होता. समाजाने ही व्यवस्था मान्य केली ती स्त्रीची योग्यता ओळखून नव्हे, तर घराण्याची वस्तू घराण्यात राहावी म्हणून. अहिल्याबाई होळकरांसारखे तीस वर्षांचे स्वतंत्र राज्य हा अपवाद. एरवी अधिकारावरील स्त्री ही कोणाची तरी जागा राखून बसलेली असे.

बडोद्याच्या राजवाड्यात हाच नमुना पुन्हा दिसतो. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव हा मुलगा सयाजीराव झाला. महाराष्ट्र व गुजरात या दोहोंच्या पुढील शंभर वर्षांवर ज्याचा ठसा उमटला, तो निर्णय एका स्त्रीच्या हातून झाला. परंतु राज्यकारभार दिवाण टी. माधवराव यांच्याकडे राहिला. सयाजीरावांची कन्या इंदिराराजे या तर थेट विसाव्या शतकातल्या; तरीही कुचबिहारच्या महाराजांच्या निधनानंतर १९२२ पासून १९३६ पर्यंत त्यांनी जे राज्य चालविले, ते मुलगा वयात येईपर्यंतच. उमाबाई आणि इंदिराराजे यांच्यामध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे, पण खुर्चीवर बसण्याचे कारण तेच.

या चौकटीबाहेरचा मार्ग राजवाड्यातून निघाला नाही, शाळेतून निघाला. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, ते मुलांप्रमाणे मुलींनाही. मुलींसाठी सक्तीची वयोमर्यादा मुलांपेक्षा कमी ठेवावी लागली, यावरून त्या काळच्या लोकमताचा अंदाज येतो. आता मुलींना शाळेत आणावयाचे म्हणजे शिकविण्यास बायका हव्यात. बायका शिक्षिका झाल्या म्हणजे त्यांच्यावर देखरेख करण्यास पुन्हा बाईच हवी. अशा रीतीने, कोणाच्याही तत्त्वज्ञानामुळे नव्हे तर पडद्याच्या चालीमुळेच, स्त्रीला पहिले अधिकारपद मिळाले. सुधारणेचे पुष्कळसे इतिहास लिहिताना आपण उदात्त हेतू शोधतो. येथे रूढीनेच रूढीच्या भिंतीला दार पाडले.

डॉ. रखमाबाईंचे उदाहरण याच जातीचे. विवाहाच्या खटल्यामुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या १८८९ मध्ये विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व नंतर राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची रुग्णालये अनेक वर्षे सांभाळली. ही एका मराठी स्त्रीची गुजरातमधील कामगिरी आहे म्हणून येथे तिचा उल्लेख अगत्याचा वाटतो. रुग्णालय चालविणे म्हणजे केवळ नाडी पाहणे नव्हे. औषधांचा साठा, नोकरांच्या पाळ्या आणि वरिष्ठांशी पत्रव्यवहार हे सारे त्यात आले, आणि जिला एकेकाळी नवऱ्याच्या घरी पाठविण्यासाठी न्यायालय झटत होते, तिने ते केले. पण रुग्णालय बायकांचे होते. ती अट लोकांनी न बोलता घातलेली होती.

दुसऱ्या चिमणाबाई महाराणी यांना या अटीची जाणीव असावी. १९११ साली एस. एम. मित्रा यांच्या सहकार्याने त्यांनी भारतीय जीवनातील स्त्रीच्या स्थानाविषयी इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात परदेशांत स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करतात आणि त्यांपैकी आपल्याकडे काय करता येईल, याचा विचार आहे. स्त्रीशिक्षणावर लिहिणारे त्या काळी पुष्कळ होते. शिकून पुढे तिने कोणते काम हाती घ्यावे, हा रोकडा प्रश्न विचारणारे थोडे. १९२७ च्या जानेवारीत पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. तरी महाराणीने अध्यक्ष होणे ही समाजाची कसोटी नव्हे. महाराणीपुढे मान लवविण्याची सवय लोकांना होतीच.

खरी कसोटी १९४९ साली लागली. त्या वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या कुलगुरू म्हणून हंसाबेन मेहता यांची नेमणूक झाली. हंसाबेन बडोद्याच्याच; वडील सर मनुभाई मेहता संस्थानचे दिवाण, आजोबा नंदशंकर हे ‘करणघेलो’चे कर्ते. १९१८ साली बडोदा कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. एवढ्यावरून कोणी म्हणेल, की घराण्याचा वारसा येथेही होताच. होता, पण कुलगुरूपद हे मनुभाईंचे नव्हते आणि कोणा मुलासाठी ते राखूनही ठेवायचे नव्हते. मुख्य म्हणजे हे विद्यापीठ मुलींचे नव्हते. तेथील विद्यार्थी, प्राध्यापक, अभियंते, लेखापाल यांत पुरुषच बहुसंख्य होते आणि त्या सर्वांच्या कागदांवर शेवटची सही एका बाईची होणार होती. स्त्रियांच्या विद्यापीठांत स्त्री कुलगुरू असणे देशाला ठाऊक होते. मुलगे व मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या प्रमुखपदी स्त्री येण्याचा भारतातील हा पहिला प्रसंग होय.

त्यांच्या मनाची घडण कशी होती, हे त्याआधीच्या काही गोष्टींवरून कळते. १९३७ च्या निवडणुकीत राखीव जागा न स्वीकारता त्या सर्वसाधारण जागेवरून मुंबईच्या विधान परिषदेत गेल्या. घटना समितीतही स्त्रियांना राखीव जागा नकोत, समान न्याय हवा, अशी त्यांची भूमिका होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असताना जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी शब्दयोजना होती, तिच्या जागी ‘सर्व मानव’ अशा अर्थाचे शब्द यावेत म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि १९४८ साली ते तसे आले. ज्यांना शब्दांचा हा वाद क्षुल्लक वाटतो, त्यांनी वर दिलेली ‘फौजदारीण’ पुन्हा आठवावी.

हंसाबेनांची कारकीर्द १९५८ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे चालली. या काळात गृहविज्ञान, ललितकला आणि समाजकार्य या विद्याशाखा उभ्या राहिल्या. ललितकला शाखेने पुढे देशाच्या चित्रकलेवर जो परिणाम घडविला, तो सर्वश्रुत आहे. गृहविज्ञानाविषयी मात्र दोन मते संभवतात. कुलगुरू स्त्री झाली आणि तिने मुलींना पुन्हा स्वयंपाकघरच दाखविले, असे एक मत. मला ते पटत नाही. घरात बायका जे शतकानुशतके बिनबोभाट व बिनपगारी करीत आल्या, त्याला प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी देणे हे त्या कामाला अधिकाराचे रूप देणे होते. त्याचे फळही दिसले. गायकवाड घराण्यातील मृणालिनीदेवी पवार या आहारशास्त्राच्या अभ्यासक, आणि त्या १९८८ पासून २०१५ मधील निधनापर्यंत याच विद्यापीठाच्या कुलपती होत्या. केरळच्या पहिल्या महिला मुख्य सचिव पद्मा रामचंद्रन यांनीही मध्यंतरी येथील कुलगुरूपद सांभाळले. तरीही पाऊणशे वर्षांच्या यादीत ही नावे विरळच आहेत.

ज्या १९४९ साली हंसाबेन कुलगुरू झाल्या, त्याच वर्षी सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेत दाखल होणाऱ्या पहिल्या स्त्री अधिकारी ठरल्या. त्या सेवेच्या नियमांत स्त्री अधिकाऱ्याने लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता यावे, अशी तरतूद होती. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांची कठोर शब्दांत संभावना केली. म्हणजे राज्यघटनेने समता दिल्यावरही सेवानियमांतील एक ओळ जवळजवळ तीस वर्षे टिकून राहिली. त्याहून बोधक प्रसंग २०२० सालचा. सैन्यातील स्त्री अधिकाऱ्यांना हुकमतीची पदे देण्याविरुद्ध सरकारतर्फे जी कारणे मांडली गेली, त्यांत एक असे होते की, जवान बहुतांशी ग्रामीण भागांतून येतात आणि स्त्रीची आज्ञा पाळण्यास त्यांची मने अद्याप तयार नाहीत. बबिता पुनिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी हा युक्तिवाद फेटाळला. तो वाचताना माझ्या डोळ्यांपुढे १७३३ मधले अहमदाबाद आल्यावाचून राहिले नाही. उमाबाईंच्या फौजेतील शिपाई कोणत्या शहरांतून आले होते?

आपल्यापैकी बहुतेक जण शिक्षक आहेत, म्हणून एक अनुभव सांगण्यास हरकत नाही. शाळेत ‘बाई’ हा आदराचा शब्द आहे. ‘नव्या बाई आल्या’ म्हटले की वर्ग उठून उभा राहतो. कचेरीत तोच शब्द पायरीने खाली येतो. एका कचेरीत मी अधिकाऱ्यांची भेट मागितली, तेव्हा शिपायाने सांगितले, ‘साहेब नाहीत, बाई आहेत.’ बाई म्हणजेच तेथील अधिकारी, हे मला आत गेल्यावर खुर्चीमागील पाटी वाचून कळले. ‘बाईसाहेब’ म्हणावे तर तो साहेबांच्या कुटुंबाचा मान. अखेर ‘मॅडम’ हा परका शब्द आपण घेतला आणि अडचण टाळली. ज्या बडोद्यात राज्यकारभाराच्या परिभाषेसाठी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ सारखा बहुभाषी कोश तयार झाला, त्या बडोद्याच्या मराठीलाही हा एक शब्द सापडला नाही.

आणि दुसऱ्यांच्या कचेऱ्यांबद्दल बोलताना आपले घर वगळणे योग्य नव्हे. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. तिला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती १९६१ साली, कुसुमावती देशपांडे. त्यांच्यानंतर दुर्गा भागवत १९७५ मध्ये, शांता शेळके १९९६ मध्ये, विजया राजाध्यक्ष २००१ मध्ये, अरुणा ढेरे २०१९ मध्ये आणि तारा भवाळकर २०२५ मध्ये. २०२५ पर्यंतच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. लिहिणाऱ्या स्त्रिया तेवढ्याच होत्या असे कोणी म्हणणार नाही. या सहांपैकी तीन संमेलने महाराष्ट्राबाहेर भरली : ग्वाल्हेर, इंदूर आणि दिल्ली. बडोद्यात संमेलन चार वेळा भरले, १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली. कीर्तिकर, केळकर, चापेकर आणि देशमुख हे त्यांचे अध्यक्ष.